विषाचा उतारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मंडळी, मराठीतला 'उतारा' हा शब्द मोठा कष्टाळू आहे. तलाठ्याकडे गेलो की सातबाराचा उतारा मिळतो. शाळेत मास्तर धड्यातला उतारा शुद्धलेखनाला घालतात. घरात कोणाला दृष्ट लागली की म्हातारी माणसे भाकरीचा किंवा लिंबाचा उतारा ओवाळून तिठ्यावर टाकतात. आणि साप-विंचू चावला की त्यावर जे हवे असते, तोही उताराच. मी कविता लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. शिक्षण बी. ए.पर्यंत. तेव्हा दंश आणि त्यावरचे उपचार या विषयाकडे मी आधी शब्दांच्या बाजूने गेलो, मग डॉक्टर मंडळींकडे बसलो, काही वाचले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपली भाषा विषाबद्दल काय सांगते ते पाहा. विष 'चढते', विष 'भिनते' आणि मांत्रिक विष 'उतरवतो'. म्हणजे शरीर ही जणू शिडी आहे आणि विष पायाच्या अंगठ्यापासून एकेक पायरी वर चढत मस्तकाकडे निघाले आहे. हे चित्र डोक्यात पक्के बसले की हात आपोआप दोरी शोधू लागतात. वर चढणाऱ्याची वाट अडवायची म्हणून पोटरीला, मांडीला करकचून फडके आवळायचे. दोन-तीन तासांनी दोरी सोडली की पाय काळानिळा पडलेला असतो. विष थांबलेले नसते, रक्त मात्र थांबलेले असते. चित्र चुकीचे असले की हात चुकीच्या जागी जातात, ते असे.

दुसरी गोष्ट नाव न घेण्याची. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही, अशी खेड्यापाड्यांत रीत. 'लांबडे' म्हणायचे, 'जनावर' म्हणायचे. साप चावला असे न म्हणता 'पान लागले' म्हणायचे. कवी म्हणून मला हे शब्द फार आवडतात. पण दवाखान्याच्या दारात पोचल्यावर त्यांचा उपयोग नाही. तिथे कधी, कुठे आणि काय चावले हे नाव घेऊन सांगावे लागते. कारण विष ही एक वस्तू नाही. विंचवाचे वेगळे, मधमाशीचे वेगळे, नागाचे वेगळे, घोणसीचे आणखी वेगळे. आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत तर विष नसतेच, तिथे विषाणू असतो. म्हणून प्रत्येकाचा उतारा वेगळा. सगळ्या दंशांवर एकच उपाय सांगणारा माणूस भेटला की तिथून उठावे, एवढे एक सूत्र आजच्या बोलण्यातून लक्षात राहिले तरी पुरे.

मग मंत्राने माणसे बरी होतात, ती कशी? हा प्रश्न टाळून चालणार नाही. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या पारावर बसणारे एक बुवा विंचू उतरवत आणि दर्ग्यातले मुजावर पाण्यावर दम करून ते प्यायला देत. बुवांकडे आमच्या मोहल्ल्यातली माणसे जात आणि मुजावरांकडे पाटलांच्या घरची. विंचवाने कोणाची जात विचारली नव्हती, तशी उतरवणाऱ्यांनीही विचारली नाही. बहुतेक माणसे खरोखर बरी होत. याचे कारण साधे आहे. आपल्याकडे चावणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष टोचतोच असे नाही. त्याला डॉक्टर कोरडा दंश म्हणतात. विंचवाची कळ बहुतेकांच्या बाबतीत दिवसभरात आपली आपण ओसरते. म्हणजे शंभर माणसे बुवांकडे गेली तर मोठा भाग काहीही न करता वाचणारच होता. त्या वाचलेल्यांनी बुवांची कीर्ती केली. जे गेले त्यांच्याबद्दल 'वेळ भरली होती' एवढेच बोलले गेले. गेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही.

प्रश्न त्या उरलेल्यांचा आहे. आणि त्यांची संख्या लहान नाही. भारतातल्या मृत्यूंची घरोघर जाऊन नोंद घेणारा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. सरासरीने वर्षाला ५८ हजार. त्यातली निम्म्याहून अधिक जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत, आणि बहुतेक खेड्यात, घरीच. 'घरीच' हा शब्द पुन्हा वाचा. दवाखान्यात उपचार चालू असताना नव्हे, तर दवाखान्यापर्यंत न पोचता.

आता एकेक दंश पाहू. सुरुवात विंचवापासून, कारण त्याची कथा आपल्या मातीतली आहे.

पैठणच्या एकनाथ महाराजांचे विंचवावरचे भारूड महाराष्ट्राला पाठ आहे. त्यातला विंचू काम-क्रोधाचा आहे, उताराही सत्त्वगुणाचा आहे. पण सोळाव्या शतकातल्या या संताने दंशाचे जे वर्णन केले, त्यात अंगाला सुटलेल्या घामाचा उल्लेख आहे. या घामाकडे डॉक्टरांच्या नजरेने पाहणारा माणूस पुढे चारशे वर्षांनी जवळपास त्याच मुलखातून निघाला. भोकरदन तालुक्यातले देहेड हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे गाव. आज तो भाग जालना जिल्ह्यात आहे. १९८१ साली जालना वेगळा होईपर्यंत तो आमच्याच औरंगाबाद जिल्ह्यात होता. शेतकऱ्याचा हा मुलगा नागपूरला डॉक्टर झाला आणि १९७६ साली कोकणात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला.

कोकणात लाल विंचू फार. आपल्याकडे काळ्या मोठ्या विंचवाची भीती जास्त. प्रत्यक्षात लहान चणीचा, लालसर रंगाचा विंचू अधिक घातक. बावस्कर पाहत होते, की या विंचवाने दंश केलेली धडधाकट मुले काही तासांत धापा टाकू लागतात, तोंडाला गुलाबी फेस येतो आणि जातात. पुस्तकांत यावर नेमका उपाय नव्हता. हा तरुण डॉक्टर रुग्णाच्या खाटेशेजारी तासन् तास बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या यांची टिपणे ठेवू लागला. दंशानंतर उलटी होणे, दरदरून घाम फुटणे, हातपाय थंडगार पडणे ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी १९८२ साली लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. म्हणजे नुसती ठणक असेल तर भीती कमी. घाम फुटला तर मात्र घाई करायची.

शरीरात होते काय? आपण घाबरलो किंवा जिवाच्या आकांताने पळालो की शरीर ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये रक्तात सोडते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम येतो. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंची दारे सताड उघडून ठेवते आणि ही द्रव्ये धो धो वाहू लागतात. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा बडवत राहते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

एवढे समजल्यावर बावस्करांनी विचार केला, की आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणारे औषध द्यावे. प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी होती. तिचा उपयोग करून त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांनी आलेला अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मधूनच जगापुढे ठेवला. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पुढे विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही मुंबईच्या हाफकिनने तयार केले. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिले तर रुग्ण नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर बरा होतो, हे बावस्करांनी ७० रुग्णांच्या अभ्यासातून २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सांगायचे ते हे, की हा उतारा दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेतून आला नाही. आपल्याच भागातल्या एका माणसाने आजाऱ्याकडे नीट पाहिले, त्यातून आला.

तेव्हा विंचू चावला तर काय करायचे? चावलेल्या जागी चिरायचे नाही, चुना-तंबाखू लावायची नाही. नुसती कळ असेल तर डॉक्टर जागेवर बधिर करण्याचे इंजेक्शन देतात, आराम पडतो. मूल लहान असेल, उलटी किंवा घाम असेल, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना. प्राझोसिनची गोळी रक्तदाब एकदम उतरवू शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला आडवे ठेवूनच घ्यायची. घरात आणून ठेवायची वस्तू नव्हे ती.

आता विंचवाच्या अगदी उलट उदाहरण पाहा. अजिंठ्याच्या कड्याला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात. कोणी धूर केला, दगड मारला की माश्या उठतात. मधमाशी डंख मारते तेव्हा तिची नांगी आपल्या कातडीतच तुटून राहते आणि तिच्याबरोबरची विषाची पिशवी काही वेळ आकुंचन पावत विष आत ढकलत राहते. म्हणून नांगी लगेच काढायची. नखाने खरवडा, चिमट्याने काढा, कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व. दोन-चार डंख झाले तर साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी. पण काही माणसांच्या शरीराला हे विष मुळीच सोसत नाही. एकाच डंखाने अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. इथे जीव वाचवणारे औषध कोणते? ॲड्रेनॅलिन. मांडीच्या स्नायूत, तातडीने. जे द्रव्य विंचवाच्या रुग्णात महापुरासारखे वाहून जीव घेते, तेच माशीच्या रुग्णाला वरून द्यावे लागते. एकाचा उतारा तो दुसऱ्याचा घात. म्हणूनच म्हटले, काय चावले हे नाव घेऊन सांगा. आणि शेकडो माश्या डसल्या असतील तर असोशी नसली तरी दवाखान्यात भरती व्हावेच लागते. इतके विष मूत्रपिंडाला सोसत नाही.

आता साप. आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांच्यातही दोन तऱ्हा आहेत. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडते. आधी पापण्या जड होतात, मग बोबडी वळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. 'साप चावलेल्याला झोपू देऊ नका' असे जुनी माणसे सांगत. त्यांचे निरीक्षण बरोबर होते, अर्थ चुकीचा होता. ती झोप नसतेच. माणूस जागा असतो, सगळे ऐकत असतो; त्याला डोळे उघडता येत नाहीत. गालावर चापट्या मारून विष उतरत नाही. त्याला त्या वेळी गरज असते कृत्रिम श्वासाची.

नाग आणि मण्यार यांच्यातही भेद आहे. निरोप घेऊन येणारे द्रव्य ही किल्ली मानली आणि स्नायूवर कुलूप आहे असे मानले, तर नागाचे विष कुलपात खडा घालते. किल्ल्यांची संख्या वाढवली तर एखादी लागू शकते. म्हणून प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन ही इंजेक्शने देतात. मण्यारीचे विष मात्र किल्ली पाठवणारे घरच उद्ध्वस्त करते. मज्जातंतूचे टोक पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात, तोवर यंत्राने श्वास चालू ठेवावा लागतो. पण तो चालू ठेवला तर माणूस पुरता बरा होऊन घरी येतो. मण्यारीची आणखी एक खोड सांगतो. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, घरचे ओवा देतात, आणि उजाडेपर्यंत पापण्या मिटू लागतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले आणि डोळे जड झाले तर मण्यारीची शंका घ्यायलाच हवी.

घोणस आणि फुरसे यांचा मार्ग वेगळा. त्यांचे विष रक्त गोठवण्याची शरीराची सामग्रीच संपवून टाकते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते, पाय सुजून येतो. घोणसीच्या दंशात पुढे मूत्रपिंडे बंद पडतात. इथे मला दोन परीक्षांची तुलना करावीशी वाटते. गावात कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढले. जिभेच्या चवीचा आणि विषाचा असा काही संबंध नाही. उलट ज्याचे गिळणे बंद पडत चालले आहे, त्याच्या घशात पाला अडकण्याची भीती. दवाखान्यातली परीक्षाही तितकीच साधी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे नळीला हात न लावता ठेवायची. मग हलकेच तिरपी करायची. रक्ताची गाठ झाली तर बरे. पातळच राहिले तर घोणस-फुरशाच्या जातीचे विष अंगात आहे. एक काचेची नळी आणि एक घड्याळ. वीज नसली तरी चालते. निंबाच्या पाल्याइतकीच स्वस्त, पण खरे बोलणारी.

सापाच्या विषावर खरा उतारा एकच, तो म्हणजे प्रतिविष. लोक त्याला 'सापाची लस' म्हणतात. लस आपल्या शरीराला शिकवते. प्रतिविष दुसऱ्याने शिकून तयार केलेले शस्त्र आपल्या हाती देते. घोड्यांना थोडे थोडे विष टोचतात, त्यांच्या रक्तात त्या विषाला पकडणारी प्रथिने तयार होतात, ती वेगळी काढून, सुकवून बाटलीत भरतात. आपल्याकडचे प्रतिविष त्या चारही सापांवर एकत्र चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही. तो मारताना दुसऱ्याला चावतो, एवढेच होते. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर ठीक. सुरुवातीला बहुधा दहा बाटल्या शिरेतून देतात आणि लहान मुलालाही मोठ्याइतक्याच. कारण सापाने विष टोचताना समोरच्याचे वय पाहिलेले नसते. घोड्याचे प्रथिन काहींना सोसत नाही, म्हणून प्रतिविष घरी किंवा कुठेही टोचून चालत नाही. शेजारी ॲड्रेनॅलिन भरलेली सिरिंज तयार ठेवावी लागते. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते. झालेली मोडतोड ते दुरुस्त करत नाही. म्हणून बुवांच्या पारावर गेलेला तासभर पुढे कोणत्याही औषधाने परत मिळत नाही.

दंश झाल्यावर करायचे ते थोडकेच आहे. रुग्णाला धीर द्यायचा, चालवायचे नाही. चावलेला हातपाय कामट्या लावून, सैल बांधून, हाड मोडल्यावर ठेवतो तसा स्थिर ठेवायचा, कारण स्नायू हलले की विष पसरते. अंगठी, बांगड्या, जोडवी, कडे काढून टाकायचे. सूज आल्यावर ते निघत नाहीत. चिरायचे नाही, चोखायचे नाही, दोरी आवळायची नाही. वेळ लक्षात ठेवायची. १०८ क्रमांकाला फोन करायचा. गाडी यायला उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये रुग्णाला बसवून निघायचे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, आणि श्वासाचे यंत्र लागेल अशी स्थिती असेल तर जिल्ह्याचे मोठे रुग्णालय. आमच्या भागात ते म्हणजे घाटी. १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या या रुग्णालयाला सारा मराठवाडा याच नावाने ओळखतो.

राहिला कुत्रा. इथे घाई आणि सवड यांचे गणित वेगळे आहे. रेबीजचा विषाणू रक्तातून जात नाही, तो मज्जातंतूच्या दोरीवरून दिवसाला काही मिलिमीटर असा मेंदूकडे सरकतो. पायाला चावला तर वाट लांब, चेहऱ्याला चावला तर जवळ. मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागली, पाण्याची भीती वाटू लागली, की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. पण तो वाटेत असेपर्यंत त्याला हमखास गाठता येते. पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, ती याच हिशेबाने. विषाणू पोचायच्या आत शरीर तयार करायचे.

पहिला उपचार घरातच आहे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुणे. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते आणि साबण ते विरघळवतो. साध्या वडीने जीव वाचतो. त्या जखमेत हळद, चुना, मिरचीपूड भरली तर विषाणू आतच राहतो. जखमेला शक्यतो टाके घालत नाहीत. कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोबुलिन टोचून घ्यावे लागते. लसीने शरीराचे सैन्य उभे राहायला आठवडा-दीड आठवडा जातो, तोवर हे तयार शिपाई पहारा देतात. नुसती लस घेऊन हे राहून गेले, असे होऊ देऊ नका, स्वतः विचारा.

आणि आमच्या पिढीची भीती मोडायला हवी. आमच्या लहानपणी कुत्रा चावला की बेंबीभोवती चौदा इंजेक्शने, या नुसत्या कल्पनेने मुले कुत्रा चावल्याचे घरी लपवत. मेंढ्यांच्या मेंदूपासून होणारी ती लस आपल्या देशात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आताची लस दंडात किंवा कातडीत, चार किंवा पाच भेटींत दिली जाते, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. पण खेड्यात आजही 'चौदा'चा आकडा लोकांच्या तोंडी आहे आणि त्या आकड्यापायी माणसे टाळाटाळ करतात. मुलांना सांगून ठेवा, कुत्र्याने, मांजराने, माकडाने ओरखडले तरी घरी सांगायचे, कोणी रागावणार नाही. कुत्रा पाळीव आहे, दहा दिवस पाहू आणि मग ठरवू, असेही करायचे नाही. लस लगेच सुरू करायची, कुत्र्याकडे लक्षही ठेवायचे.

या साऱ्यात कोण सापडते, याचाही विचार करा. मराठवाड्यातून दर वर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे फडाशेजारच्या कोपीत जमिनीवर झोपतात, अंधारात उसाला कोयता लावतात. कापूस वेचणाऱ्या बाया, गोवऱ्यांच्या ढिगात हात घालणाऱ्या मुली, दगड उचलणारे मजूर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले, ते यासाठीच. गरिबाचा आजार म्हणून तो कोणाच्या हिशेबात नव्हता. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरले आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२४ साली त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळवले. नोंद झाली तर कुठे किती बाटल्या लागतात ते कळेल. मांत्रिकाच्या पारावर गेलेला माणूस कोणत्याच वहीत येत नाही.

मी मंत्र म्हणणाऱ्यांचा द्वेष करत नाही. आमच्या दादी म्हणत, दवा भी करो, दुवा भी करो. त्यात दवा आधी येते हे मी पुढे कवितेचा माणूस म्हणून ध्यानात घेतले. गावातल्या बुवांना, मुजावरांना, भगतांना विरोधात ढकलण्यापेक्षा त्यांच्याकडूनच रुग्णाला लगेच गाडीत बसवले गेले तर किती जीव वाचतील! लोकांचा विश्वास त्यांच्यावर आहे. दुवा गाडीत बसूनही करता येते.

शेवटी दोन कामे सांगतो, दोन्ही फुकट आहेत. पहिले, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, की सापाचे आणि विंचवाचे प्रतिविष आणि कुत्र्याची लस आहे का, किती आहे आणि रात्री कोण असते. ग्रामसभेत विचारलेत तर अधिक चांगले. हे पावसाळ्यापूर्वी करायचे. दुसरे, घरात कोणी जमिनीवर झोपत असेल तर आज रात्री मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचा. डास अडतात तशी मण्यारही अडते. अंधारात बाहेर निघताना बॅटरी घ्या, आणि पायात चपला घालण्याआधी त्या एकदा झटका.